सातव्या तबकडीचा चार्ज

त्या थोर ट्रम्पेटवादकाचं नाव मी इथे घेणार नाही. आमच्या साहेबांनी ते इतक्या वेळा आणि ओठांचा इतका चंबू करून घेतलं, की माझ्या वाट्याचंही त्यांनीच वापरून संपवलं. तो अमेरिकेतला, जॅझ नावाचं संगीत वाजवणारा, आणि माझ्या मते फार दुर्दैवी माणूस. दुर्दैवी अशासाठी, की उभ्या आयुष्यात त्याने जीव ओतून जे काही वाजवलं, ते सगळं शेवटी सिल्वासातल्या एका सरकारी क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत येऊन पडलं आणि तिथे त्याची फाईल झाली.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. मी सिल्वासातल्या मराठी शाळेत शिकवत होते. सासर चिपळूणकडचं, नवराही तिकडेच मास्तर. त्याला तिथून सुटता येत नव्हतं आणि मला इथली नोकरी सोडवत नव्हती, म्हणून आमचा संसार फक्त सुट्ट्यांत चालायचा. मी सामरवरणीला एका गुजराती बाईंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचे. नळ अंगणात होता आणि संडास अंगणाच्याही पलीकडे, केळीच्या आडोशाला. पावसात तिकडे जायचं म्हणजे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टमरेल आणि बॅटरी दातांत. हे मी आता करून दाखवते तेव्हा लोक हसून लोळतात. तेव्हा बघायला कोणी नव्हतं, हीच त्यातली त्यात चांगली गोष्ट.

आमची मुलगी सासूबाईंपाशी होती. एकदा तिला घेऊन त्या माझी खोली बघायला आल्या. केळीपर्यंत जाऊन पाहिलं, परत आल्या, पाय धुतले आणि सरळ पिशवी भरायला घेतली.

"घरात नळ असेल त्या दिवशी पोर तुझी," त्या म्हणाल्या. "तोवर माझी. आणि जूनमध्ये एकदा तिकडच्या शाळेत पहिलीत नाव घातलं, की मग मी ते काढू देणार नाही."

सासूबाई बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या होत्या. म्हणजे जूनच्या आत मला सरकारी क्वार्टर हवं होतं. नाहीतर माझी मुलगी मला सुट्टीत येणारी कोणीतरी मावशी समजत मोठी होणार होती.

आणि क्वार्टरचं वाटप होतं साहेबांच्या हातात.

साहेब मूळचे मुंबईचे. गिरगावातून ते सिल्वासात आले, पण ते स्वतः असं सांगत की ते सिल्वासाला 'लाभले'. उंच, गोरे, केसांना बारीक लाट. हातात कायम पाइप असे, पण तो त्यांनी पेटवलेला कोणी पाहिला नाही, कारण तंबाखूने त्यांना खोकला येई. बोलताना मुद्दा संपला की पाइपचं टोक समोरच्याच्या छातीकडे रोखायचं, एवढंच त्याचं काम. ऑफिसात ते मराठीत रागावत, हिंदीत नकार देत आणि इंग्रजीत स्वतःबद्दल बोलत.

साहेबांच्या बायकोचा भाऊ अमेरिकेत होता. त्या ट्रम्पेटवादकाच्या लाँग प्ले तबकड्या तो क्रम न पाहता, मिळेल ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर एकेक करून पाठवायचा. साहेबांना हे वेड कधी आणि का लागलं, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. वहिनी एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, लग्न ठरलं तेव्हा यांना आवड म्हणजे फक्त क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची होती. मला वाटतं, क्रिकेट सगळ्यांनाच आवडायला लागलं तेव्हा साहेबांना ते परवडेनासं झालं. सिल्वासात दुसरं कोणी ऐकणार नाही असं काहीतरी त्यांना हवं होतं, आणि मग ते आम्हाला बोलावून ऐकवायचं होतं.

तर दर रविवारी संध्याकाळी साहेबांकडे 'श्रवण' असे. शब्द त्यांचाच. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं क्वार्टर. खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, मध्ये रेकॉर्ड प्लेअर, त्यावर वहिनीने विणलेला रुमाल. रुमाल उचलण्याचाही एक विधी होता. साहेब तो दोन बोटांनी चारी टोकांतून उचलत, घडी घालत आणि वहिनीकडे न बघता तिच्या दिशेने धरत. वहिनी तो घेऊन आत जाई आणि फडताळावर भिरकावून देई, हे मी बसत असे त्या खुर्चीवरून दिसायचं. ती खुर्ची मी कधीही दुसऱ्या कुणाला बसू दिली नाही.

आम्ही श्रोते म्हणजे गरजूंचा मेळा. ज्याचं साहेबांकडे काही अडलेलं असे तो संगीताच्या ओढीने येई आणि काम झालं की त्याची ओढ संपे. कायमचे होतो आम्ही तिघं. एक जळगावकडचे ओव्हरसीअर, क्वार्टरच्या यादीत सगळ्यांत वरचे. दुसरे खडोलीला सुताचा कारखाना असलेले एक शेठ, ज्यांना कारखान्यामागच्या जमिनीसाठी साहेबांची सही हवी होती. शेठ येताना फरसाणाचा पुडा आणत आणि डोळे उघडे ठेवून झोपत. एवढी परिपूर्ण कला त्या खोलीत दुसऱ्या कुणापाशी नव्हती, तबकडीवरच्या माणसापाशीसुद्धा नसेल. तिसरी मी, यादीत ओव्हरसीअरच्या खालची.

तबकड्या कपाटात ज्या क्रमाने त्या वादकाने काढल्या त्या क्रमाने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कडेला ऑफिसातून घरी आणून ठेवलेल्या टाइपरायटरवर टाइप केलेला नंबर चिकटवलेला. ऐकायच्याही त्याच क्रमाने. एका रविवारी पहिली बाजू, पुढच्या रविवारी दुसरी, मग चर्चा, आणि चर्चा झाली की साहेब म्हणत, "ही निकाली निघाली." निकाली निघाल्याशिवाय पुढची हातात घ्यायची नाही. कलावंताचा विकास टप्प्याटप्प्यानेच समजून घ्यावा लागतो, असं त्याचं कारण ते देत. खरं कारण असं, की कुठलीही गोष्ट रांगेत उभी केल्याशिवाय तिच्याशी काय करायचं, हे त्या माणसाला कळतच नसे.

पहिल्या तबकड्या मला मुळीच आवडल्या नाहीत. हा माणूस तेव्हा तरुण असावा. आपल्याला काय काय येतं ते सगळं एका दमात सांगून टाकायची घाई. माझ्या वर्गात असा एक मुलगा दरवर्षी असतो. प्रश्न संपायच्या आत हात वर आणि उत्तरात पुढच्या धड्याचंही सगळं. साहेब त्यावर म्हणाले, ही बंडखोरी आहे. ओव्हरसीअर म्हणाले, बंडखोरीच आहे. शेठ काही बोलले नाहीत, त्यांचे डोळे उघडे होते. मग एका तबकडीत व्हायोलिनचा मोठा ताफा आला, आणि त्या ताफ्यात तो ट्रम्पेट असा अवघडून उभा, जसा भाड्याचा सूट घातलेला नवरदेव. साहेबांनी पाइप रोखला आणि म्हणाले, इथे त्याला अभिजाततेची तहान लागली आहे. वहिनी आतून सरबत घेऊन येत होती. ट्रेवरचे पेले खडखडले. ती हसत होती, एवढं मला कळलं.

पाचव्या तबकडीत त्याने ट्रम्पेटच्या तोंडात काहीतरी बूच घातलं आणि आवाज एकदम बारीक, घशातला झाला. आणि सहाव्या तबकडीत तो माणूस मोठा झाला. दुसरा शब्द मला सुचत नाही. घाई गेली. थोडंच वाजवायचा, मग थांबायचा. मागे कोणीतरी ढोलावर ब्रश घासत राहायचा, जशी अंगण झाडण्याची खसखस सकाळी अर्धवट झोपेत ऐकू येते. आणि मग बऱ्याच वेळाने एकच सूर यायचा आणि तो असा बरोबर जागी पडायचा, की मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

त्या थांबण्याच्या जागी साहेब मोठ्याने म्हणाले, "आता बघा, इथे तो शांतता वाजवतो."

ती शांतता त्या खोलीत कुणीही कधी ऐकली नाही, कारण ती आली की साहेब ती समजावून सांगत.

सहावी निकाली निघाली आणि सातवी यायची होती. ती वहिनीच्या भावाने कुणा पाहुण्याच्या सूटकेसमधून पाठवली. विमानतळावर कुणी सूटकेस आपटली असेल किंवा पाहुणाच तिच्यावर बसला असेल, पण साहेबांनी मोठ्या थाटात पाकीट उघडलं तेव्हा आतून तबकडीचे दोन तुकडे निघाले. शेठ जागे झाले आणि मयताला आल्यासारखे मान खाली घालून बसले.

कुणाही शहाण्या माणसाने पुढची तबकडी लावली असती. आठवी, नववी आणि त्याच्या पुढच्या कितीतरी कपाटात प्लास्टिकच्या वेष्टनात तशाच बंद होत्या. पण साहेबांनी दोन्ही तुकडे पाकिटात घालून, पाकीट सातव्या जागेवर उभं करून ठेवलं, मेव्हण्याला दुसरी पाठवायला कळवलं आणि जाहीर केलं, की ती येईपर्यंत सहावी पुन्हा ऐकायची.

पुढच्या रविवारी सहावी. त्याच्या पुढच्या रविवारी सहावी. थंडी संपली, सहावी. नापास झालेल्या वर्गासारखे आम्ही तिथेच बसून राहिलो. एकदा ओव्हरसीअर धीर करून म्हणाले, आठवीच लावली तर कसं होईल. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी देवळात चप्पल घालून यायची परवानगी मागितली असावी.

"सातवीला डावलून आठवीला पुढे आणायची?" साहेब म्हणाले. "उद्या कोणी तुम्हाला डावललं तर चालेल?"

ओव्हरसीअरना चालणार नव्हतं. त्यांनी फरसाण खाल्लं.

आता गंमत बघा. त्याच इमारतीत, साहेबांच्या बरोबर खालचं तळमजल्याचं क्वार्टर त्याच दिवसांत रिकामं झालं. तिथला कारकून दमणला बदलून गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत नळ, आत संडास, न्हाणीघराला कडी. मी खिडकीतून डोकावून तो नळ बघून आले. पितळी होता आणि थेंब थेंब गळत होता. असा नळ मला नाटकातल्या राजमहालात दाखवला असता तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

पण यादीत पहिले ओव्हरसीअर. त्यांनी ते घेतलंही नाही आणि नाकारलंही नाही. नाकारलं तर नाव यादीच्या तळाला जातं, असा नियम. त्यांना हवं होतं रांगेच्या टोकाचं क्वार्टर. तिथले गृहस्थ निवृत्त व्हायला आले होते आणि मागे भाजीपाला लावण्याएवढी जागा होती. म्हणून ते विचार करतोय, विचार करतोय, असं म्हणत बसून होते. स्वयंपाकघराचं तोंड दक्षिणेला आहे असं कारण ते साहेबांना सांगत. मला मात्र त्यांनी जिन्यात खरं सांगितलं.

"बाई, रविवारी वर जावं लागतं तेवढं पुरे ना. खाली राहायला आलो तर हा माणूस मला रोज बोलावील. सकाळी दात घासताना शांतता समजावील ब्वा."

मी साहेबांना ऑफिसात जाऊन भेटले. मुलीचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं, जूनचं सांगितलं. साहेबांनी सगळं फार सहानुभूतीने ऐकलं. सहानुभूतीने ऐकताना ते डोळे मिटत, म्हणजे समोरचा माणूस दिसत नसे. मग त्यांनी समजावलं, की ओव्हरसीअरचा लेखी नकार येत नाही तोवर ते क्वार्टर कागदावर ओव्हरसीअरची वाट बघत आहे. आणि वाट बघणाऱ्या क्वार्टरला दुसऱ्या कुणाकडे जाता येत नाही. एखादी सोयरीक मोडू नये म्हणून सांगावं, अशा हळव्या आवाजात हे सांगितलं त्यांनी.

मी त्या दिवशी सामरवरणीपर्यंत चालत गेले. रिक्षा करायचं सुचलंच नाही. वाटेत कारखान्यांची पाळी सुटली होती, धुळे-नंदुरबारकडची पोरं सायकलींवरून एकमेकांना अहिराणीत शिव्या देत चालली होती, आणि दारूच्या दुकानांपुढे दारूबंदीच्या गुजरातेतून, वापीहून आलेल्या मोटारींची रांग. मला त्या मोटारवाल्यांचाही राग आला. त्यांना जे हवं ते दुकानात मिळत होतं.

एप्रिल आला. आमच्या शाळेत वार्षिक परीक्षांची गडबड, आणि मुख्याध्यापकांच्या सहीसाठी नेहमीची बोंब. कारण आमच्या शाळेत मुख्याध्यापक नव्हतेच. मी लागल्यापासून नव्हते. पदावरचे गृहस्थ कुठेतरी दीर्घ रजेवर होते. ती रजा कधी संपायची नव्हती, आणि पद मात्र त्यांचंच होतं. त्यांच्या जागी गणिताचे सर 'प्रभारी' म्हणून सगळं बघत. चार्ज त्यांच्याकडे, खुर्ची त्यांच्याकडे, सही त्यांची. आणि सहीखाली बारीक अक्षरात 'प्रभारी', म्हणजे नियमाच्या जिवाला धक्का नाही. सरकारात कुठलीही जागा रिकामी राहू शकते, पण काम थांबू नये म्हणून तिचा चार्ज कोणाकडे तरी देतात, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत असतं. मला ते उत्तरपत्रिकांवर प्रभारी सरांची सही घेताना एकदम दिसलं. मी तिथेच हसले. सरांना वाटलं त्यांनी सही चुकीच्या रकान्यात केली.

त्या रविवारी मी चांगली साडी नेसून गेले.

खुर्च्या, पाइप, रुमाल. सहावी तबकडी संपली. चर्चेत काही बोलायचं शिल्लक नव्हतं, म्हणून साहेब आम्हाला मागच्या वेळी आपण काय म्हणालो होतो ते सांगत होते. मी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसाच केला. साहेबांना ते आवडतं हे मला माहीत होतं. मी अदबीने म्हणाले, की सातवीला डावलणं योग्य नाही, हे मला आता पूर्ण पटलं आहे.

साहेबांनी मान हलवली.

"पण साहेब, सातवी रजेवर आहे असं समजलं तर? तिची जागा तिचीच. ती आली की मानाने रुजू होईल. तोवर तिचा चार्ज आठवीकडे द्यायला काय हरकत आहे? प्रभारी म्हणून."

साहेबांनी पाइप तोंडातून काढला. मी त्या माणसाला पुष्कळदा प्रसन्न झाल्याचं नाटक करताना पाहिलं होतं, खरोखर प्रसन्न झालेलं त्याच दिवशी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी शंका, मग हिशेब, आणि मग लहान पोराला फुगा मिळावा तसा आनंद. महिनोन्महिने ते स्वतःच सहाव्या तबकडीत अडकून पडले होते आणि बाहेर यायचा सन्मान्य रस्ता त्यांना सापडत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. बिचारे. तरी मला दया आली नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही शिक्षणात वाया गेलात. तुम्ही प्रशासनात हव्या होतात."

त्यांनी उठून आतल्या खोलीतून चिठ्ठी टाइप करून आणली. 'प्रभारी'. ती आठवीच्या पाकिटाला टाचणीने लावली. वेष्टन फाडलं. वेष्टन फाटण्याचा तो आवाज ऐकून शेठसुद्धा पुढे सरकून बसले.

आठवी तबकडी कशी होती? अहो, गोंधळ. त्या माणसाने पुन्हा सगळं मोडून ठेवलं होतं. दोन ढोलवाले एकमेकांशी भांडल्यासारखे वाजवतायत, मध्येच कोणीतरी किंचाळल्यासारखा सॅक्सोफोन, आणि हा ट्रम्पेटवाला सगळ्यांच्या अंगावरून पाणी ओतल्यासारखा वरून. सातवीत काहीतरी झालं असणार आणि त्यानंतर तो असा झाला असणार. पण सातवी फुटली होती, त्यामुळे त्याच्या आयुष्यातलं ते एक वर्ष आमच्यासाठी गडपच राहिलं. साहेबांनाही काही समजावता येईना. त्यांची सगळी वाक्यं सहावीला शिवलेली होती. पहिल्यांदाच त्या खोलीत तबकडीची एक बाजू सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कोणी मध्ये बोललं नाही. ओव्हरसीअरचा पाय हलत होता. शेठ म्हणाले, "आ तो मजानुं छे."

लोखंड तापलं होतं. मी परत हात वर केला.

मी म्हणाले, साहेब, आपण आज जो पायंडा पाडला तो फार न्यायाचा आहे. मग खालच्या क्वार्टरचंही तसंच करता येईल. ओव्हरसीअरसाहेबांचा पहिला नंबर कायम. त्यांचा विचार पक्का होईपर्यंत त्या क्वार्टरचा चार्ज माझ्याकडे. ते म्हणतील त्या दिवशी मी भांडीकुंडी उचलीन.

साहेबांचा फुगा हातातल्या हातात आकसला. तबकडी वेगळी आणि क्वार्टर वेगळं, असं ते म्हणू लागले, पण आठवीच्या पाकिटावर त्यांनी स्वतः टाइप केलेली चिठ्ठी सगळ्यांसमोर होती. ते म्हणाले, सरकारी निवासस्थान ही काही करमणुकीची वस्तू नाही. मी म्हणाले, तबकडीसुद्धा नाही, असं आपणच आम्हाला शिकवलं. हे मी अगदी खालच्या मानेने म्हणाले. मान वर केली असती तर हसू फुटलं असतं.

ओव्हरसीअर गडबडीने म्हणाले, माझी ना नाही, नंबर तेवढा ठेवा. त्यांना तर सुटल्यासारखं झालं होतं. आता विचार करत बसल्याबद्दल त्यांना कोणी बोलणार नव्हतं. शेठ म्हणाले, "साहेब, बेन बराबर बोलते." शेठना क्वार्टरचं काही देणंघेणं नव्हतं. पण मला वाटतं, सहावी तबकडी त्यांना उघड्या डोळ्यांनी जेवढी सोसावी लागली होती, त्याचा सूड त्यांनी त्या एका वाक्यात घेतला.

तरीही पाइप कुणाकडे रोखायचा ते साहेबांना कळत नव्हतं. तेवढ्यात वहिनी पेले गोळा करायला आली. ती कधी श्रवणात बोलत नसे.

"माझा भाऊ आता तबकड्या पाठवणार नाहीये," ती म्हणाली. "तो म्हणतो, पाहुणे नाही म्हणतात. तेव्हा सातवी काही येत नाही. बाईंची पोर तरी येऊ द्या."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, ती त्या खोलीत इतका वेळ उभी राहिलेली त्यांनी त्याआधी पाहिली नव्हती. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, तात्पुरतं. मी म्हणाले, तात्पुरतंच.

पुढे नव्वद सालाच्या सुमारास साहेब दिल्लीकडे बदलून गेले आणि तबकड्याही गेल्या. ओव्हरसीअरना टोकाचं क्वार्टर मिळालं आणि त्यांनी मागे वांगी लावली. मी त्या तात्पुरत्या क्वार्टरात राहतच होते. मग माझ्याकडेही टेपरेकॉर्डर आला. तेव्हा मी वापीतल्या एका दुकानातून त्या वादकाच्या दोन कॅसेट मागवल्या, एक म्हातारपणची आणि एक पोरवयातली, आणि मनाला येईल तशा उलटसुलट ऐकल्या. आकाश कोसळलं नाही. उलट म्हातारपणचं वाजवणं आधी ऐकलं की पोरवयातली घाईसुद्धा गोड वाटते. हे साहेबांना सांगायला हवं होतं, पण दिल्लीचा पत्ता माझ्याकडे नव्हता आणि मागायचा कंटाळा आला.

पण हे नंतरचं. मेमध्ये मी खाली राहायला आले, भिंतींना चुना लावून घेतला, नळाचा वायसर बदलला आणि चिपळूणला कळवलं. सासूबाई मुलीला घेऊन आल्या त्या नेमक्या रविवारी. वहिनीने वर सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की बाईंकडे पाहुणे आहेत, त्या आज येणार नाहीत.

सासूबाईंनी आधी चहा घेतला नाही. नळ सोडून पाहिला, बंद करून पाहिला. संडासात पाणी ओतून पाहिलं. न्हाणीघराची कडी आतून लावून पाहिली आणि थोडा वेळ आतच राहिल्या. खिडकीच्या गजांना हाताने हलवलं. मुलगी माझ्यापासून दूर, त्यांच्या पदराला धरून सगळीकडे त्यांच्यामागे फिरत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. परीक्षेला बसलेल्या मुलांना काय वाटतं, ते मास्तरीण होऊन इतकी वर्षं झाली तरी मला तोवर नीट माहीत नव्हतं.

आणि वर आठवी तबकडी सुरू झाली. प्रभारी असल्यामुळे ती अजून निकाली निघाली नव्हती.

छतातून आधी दोन्ही ढोल आले. मग तो सॅक्सोफोन. मुलगी दचकून आजीला बिलगली. सासूबाईंनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी सांगायला लागले, की हे दर रविवारीच असतं, बाकी दिवस अगदी शांत, माणसं चांगली आहेत, साहेब आहेत. मी इतकं भराभरा बोलले, की माझं मलाच पहिल्या तबकडीसारखं ऐकू आलं. सासूबाईंनी मुलीला माझ्या हातात दिलं आणि जिना चढायला लागल्या. मी मुलीला कडेवर घेऊन मागे.

त्या सरळ आत गेल्या. अर्धगोलाच्या मध्ये, प्लेअरसमोर उभ्या राहिल्या. ट्रम्पेट त्यांच्या कमरेपाशी बेभान वाजत होता. नऊवारी, आणि आमच्या नळाच्या पाण्याने अजून ओला असलेला हात.

"हे कोण वाजवतं?" त्यांनी विचारलं.

साहेबांचे डोळे चमकले. नवा श्रोता. त्यांनी पाइप उचलला, ओठांचा चंबू केला आणि नाव घेतलं. मग कलावंताचा विकास, मग बंडखोरी. सासूबाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. त्या खोलीत त्यांच्याइतक्या शांतपणे साहेबांना कोणी ऐकलं नसेल. साहेब थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या,

"चांगलं वाजवतो. जीव लावून वाजवतो. तुम्ही जरा कमी बोललात तर खाली पोरीला झोपताना त्याचंच ऐकू येईल."

शेठ फरसाण खाताना ठसकले. वहिनी आतल्या दारात उभी होती. तिने तोंडात पदर धरला. साहेबांनी काय करावं? हात पुढे केला आणि आवाज थोडा कमी केला. ट्रम्पेटचा कमी करायला गेले, पण त्यांचाही त्याबरोबर झाला.

आम्ही खाली आलो. सासूबाईंनी चहा मागितला आणि दोन कप प्यायल्या. मला वाटलं आता सांगतील, उद्या निघतो. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, तिचे केस सोडले, पुन्हा बांधले. मग कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि भिंतीतल्या फडताळापाशी बसल्या. एकेक फ्रॉक काढून, हाताने सपाट करून खालच्या कप्प्यात रचायला लागल्या. मुलगी त्यांच्याशेजारी उकिडवी बसून कोणता कशावर ठेवायचा ते सांगत होती. मोजे, रिबिनी, एक जुनी पाटी. वरचा कप्पा त्यांनी माझ्या साड्यांसाठी तसाच सोडला.

"शेजार म्हणजे असाच असतो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "शाळा कुठे आहे ते उद्या दाखव."

छतावरून तबकडी अजून ऐकू येत होती आणि मध्येच साहेबांचा आवाज, जरा खालच्या पट्टीत.